१ किलो मक्यातून १० किलो चारा? हायड्रोपोनिक चाऱ्यामागचं खरं गणित

हे रील तुमच्याही समोर कधी ना कधी आलं असेल. बांबूच्या मांडणीवर ट्रेच ट्रे. एक जण त्यातला एक ट्रे उलटा करतो आणि हिरवागार गालिचाच बाहेर येतो. वर वीतभर पाती, खाली पांढऱ्या मुळांची घट्ट चटई. तो गालिचा शेडमध्ये टाकला की कोंबड्या त्याच्यावर तुटून पडतात. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, "ना जमीन, ना माती! १ किलो मक्यापासून ७ दिवसांत १० किलो चारा! खाद्याचा खर्च निम्मा!"

खाली कमेंटमध्ये शंभर जणांचा एकच प्रश्न असतो, "मशीनची किंमत काय?"

आता गंमत अशी, की हा व्हिडिओ बहुतेक वेळा खोटा नसतो. चारा खरंच उगवतो, ७-८ दिवसांतच उगवतो आणि जनावरं तो आवडीने खातात. १ किलोचे १० नाही, तरी ५-६ किलो सहज होतात. मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती "खाद्याचा खर्च निम्मा" या तीन शब्दांत. हे तीन शब्द वाचून लोक कर्ज काढतात. म्हणून मशीनच्या आधी गणित समजून घेऊ.

हायड्रोपोनिक चारा म्हणजे नेमकं काय?

नाव भारी असलं तरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. मटकी भिजत घालायची, फडक्यात बांधायची, मोड आले की उसळ करायची. हायड्रोपोनिक चाऱ्यात मोड आल्यावर थांबायचं नाही, इतकाच फरक. मोड आलेला मका, गहू किंवा बार्ली ट्रेमध्ये पसरायची आणि ७-८ दिवस फक्त पाणी मारत राहायचं. माती नाही, खत नाही. दाण्याच्या पोटात जो साठा असतो, त्याच्यावरच रोप वाढतं. मग मुळं, पाती आणि उरलेला दाणा, सगळंच जनावराला खाऊ घालायचं.

ही कल्पना नवीही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी युरोपात हिवाळ्यात हिरवा चारा मिळावा म्हणून कपाटासारख्या पेट्यांमध्ये धान्य उगवलं जायचं. त्या काळी झालेल्या प्रयोगांचा आढावा इझाबेला लीच या आहारशास्त्रज्ञ महिलेने १९३९ सालीच प्रसिद्ध केला होता. म्हणजे "क्रांतिकारी नवं तंत्रज्ञान" म्हणून जे विकलं जातं, त्याचं वय ८० वर्षांच्या वर आहे.

आपल्याकडे यावर पद्धतशीर काम झालं ते गोव्यात. भातशेती आणि बागायतीत गुंतलेल्या या छोट्या राज्यात चाऱ्यासाठी जमीन शिल्लक नसते. म्हणून राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून तिथल्या काही दूध सोसायट्यांना असे युनिट मिळाले आणि ओल्ड गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने मक्याच्या चाऱ्यावर अभ्यास केला. महाराष्ट्रात दुष्काळाच्या वर्षांनी या पद्धतीला हात दिला. चारा छावण्यांच्या त्या दिवसांत अनेकांनी शेडनेट आणि बांबू वापरून कमी खर्चाचे सांगाडे उभे केले.

वरचे ५ किलो आले कुठून?

१ किलो मका भिजवला आणि ७ दिवसांनी ६ किलो चारा निघाला. मग वरचे ५ किलो कुठून आले? माती नाही, खत नाही, मग उरलं काय?

पाणी.

साठवणीतल्या मक्यात साधारण १२ टक्के ओलावा असतो. म्हणजे १ किलो मक्यात खरा खाण्याचा ऐवज ८८० ग्रॅम. पशुआहाराच्या भाषेत याला शुष्क पदार्थ म्हणतात. जनावराला ऊर्जा, प्रथिनं, तंतू जे काही मिळतं ते यातून, पाण्यातून नाही.

आता ट्रेमधून निघालेल्या चाऱ्यात शुष्क पदार्थ असतो साधारण ११ ते १४ टक्के. मधला १२.५ टक्के आकडा धरू. ६ किलो चाऱ्यात तो भरतो ७५० ग्रॅम. बाकी सव्वापाच किलो निव्वळ पाणी.

म्हणजे ८८० ग्रॅमचे ७५० ग्रॅम झाले. वाढ तर सोडाच, १३० ग्रॅम कमी झाले!

हे कमी का होतात? रोप वाढताना श्वास घेतं आणि त्यासाठी दाण्यातला स्टार्च जाळतं. पातं हिरवं झालं की सूर्यप्रकाशात ते स्वतःचं अन्न तयार करू लागतं, पण पहिल्या आठवड्यात ही कमाई अगदी किरकोळ असते. खर्च जास्त, उत्पन्न कमी. त्यात आपण आठव्या दिवशी कापणी करतो, म्हणजे नुकसान भरून निघण्याआधीच. देशोदेशीच्या प्रयोगांत ही घट कुठे कमी, कुठे जास्त दिसली, पण दिसली बहुतेक सगळीकडे.

"पण प्रथिनं वाढतात ना?"

हा दावा प्रत्येक जाहिरातीत असतो आणि तो अर्धा खरा आहे. प्रथिनांची टक्केवारी वाढते. पण टक्केवारी वाढणं वेगळं आणि प्रथिनं वाढणं वेगळं.

लग्नाच्या वरातीचं उदाहरण घ्या. १०० माणसांत १० वाजंत्रीवाले आहेत, म्हणजे १० टक्के. वाटेत २५ वऱ्हाडी जेवायला निघून गेले. उरले ७५, त्यात वाजंत्रीवाले तेच १०. टक्केवारी झाली १३ च्या वर. आता "आमच्या वरातीत वाजंत्रीवाले ३३ टक्क्यांनी वाढले" असं कुणी म्हटलं तर?

चाऱ्यात असंच होतं. स्टार्च जळून जातो, प्रथिनं जागेवर राहतात, त्यामुळे उरलेल्या ऐवजात त्यांचा वाटा मोठा दिसतो. नुसतं पाणी वापरलं असेल तर प्रथिनं हवेतून येणार कुठून?

मग यात फायदा काहीच नाही का?

आहे. फक्त जाहिरातीत सांगतात तो नाही.

मोड येताना दाण्याच्या आत बरीच उलथापालथ होते. स्टार्चची साखर होते, प्रथिनांचे सोपे तुकडे होतात, त्यामुळे पचन सोपं जातं. धान्यातला फायटेट नावाचा घटक कमी होतो. हा फॉस्फरस आणि इतर खनिजं बांधून ठेवतो, तो सुटला की खनिजं अंगी लागतात. हिरव्या पात्यांमुळे बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व मिळतं, जे कोरड्या कडब्यात जवळपास नसतं. शिवाय चारा रसाळ असतो, जनावर चाटूनपुसून खातं.

गोव्यातल्या अभ्यासात दुभत्या गायींना रोज ५ ते १० किलो मक्याचा हा चारा दिल्यावर दुधात ८ ते १३ टक्के वाढ नोंदवली गेली. पण इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा चारा इतर आहाराच्या जोडीला होता. दोन, ज्या गोठ्यात हिरवा चाराच मिळत नाही तिथे याचा फरक जास्त दिसतो. ज्याच्या बांधावर हत्तीघास डोलतोय, त्याच्या गायीला याचं काय कौतुक?

थोडक्यात, हा चारा जेवण नाही, जेवणासोबतची कोशिंबीर आहे. कोशिंबीर हवीच, पण भाकरी बंद करून कुणी नुसत्या कोशिंबिरीवर जगत नाही.

पटत नसेल तर हा हिशोब करून बघा. ४०० किलोच्या गायीला रोज साधारण १० किलो शुष्क पदार्थ लागतो. तो सगळा हायड्रोपोनिक चाऱ्यातून द्यायचा तर रोज ८० किलो चारा लागेल आणि त्यासाठी रोज १३ किलोहून जास्त मका भिजवावा लागेल. एका गायीसाठी!

पैशांचा हिशोब

२०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, म्हणजे किलोला २४ रुपये. बाजारात भाव वरखाली होतो, पण हिशोबासाठी हाच धरू.

या चाऱ्याच्या एकूण खर्चात बियाण्याचाच वाटा ९० टक्क्यांच्या आसपास असतो, असं गोव्यातल्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे २४ रुपयांच्या मक्यामागे पाणी, वीज वगैरे धरून खर्च साधारण २७ रुपये. यात महागडं मशीन आणि त्याचं व्याज धरलेलंच नाही.

• २७ रुपयांत ६ किलो चारा, म्हणजे किलोला साडेचार रुपये. ऐकायला स्वस्त वाटतं.
• पण त्यात शुष्क पदार्थ ७५० ग्रॅम. म्हणजे खऱ्या ऐवजाचा भाव किलोला ३६ रुपये.
• तोच मका न भिजवता भरडून घातला असता तर खऱ्या ऐवजाचा भाव पडला असता किलोला सुमारे २७ रुपये.
• आणि समजा शेतातला हिरवा चारा ३ रुपये किलोने मिळाला आणि त्यात २० टक्के शुष्क पदार्थ असला, तर खरा ऐवज पडतो किलोला १५ रुपये.

म्हणजे मका भिजवून आपण त्याच ऐवजासाठी जास्त पैसे मोजतो. त्या जादा पैशांच्या बदल्यात ताजेपणा, जीवनसत्त्वं आणि पचायला सोपेपणा मिळतो. हा सौदा कधी परवडतो, कधी नाही. पण "खर्च निम्मा" हे या गणितात कुठेच बसत नाही.

"जमीन लागत नाही, पाणी वाचतं" याचंही तसंच. तुमच्या शेडमध्ये किलोभर चाऱ्याला २-३ लिटर पाणी पुरतं, हे खरं. पण तो मका कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी पाण्यावर पिकलेला असतो. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला याने फरक पडत नाही. ज्याच्याकडे आहे त्याने मात्र विचार करावा.

कोंबड्यांची गोष्ट वेगळी आहे

गाय, म्हैस आणि शेळी रवंथ करतात, तंतू पचवतात. कोंबडीचं पोट तसं नसतं. लांब पाती आणि मुळांची चटई तिला फारशी पचत नाही. उलट लांब तंतू गळ्याशी असलेल्या खाद्यपिशवीत अडकून बसण्याची भीती असते.

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण ११० ग्रॅम तयार खाद्य लागतं. तेवढा शुष्क पदार्थ ट्रेमधल्या चाऱ्यातून द्यायचा तर रोज सुमारे ८०० ग्रॅम चारा खाऊ घालावा लागेल. दीड-पावणेदोन किलोची कोंबडी स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं खाणार कशी? तिचं पोट पाण्यानेच भरेल आणि अंडी कमी होतील.

वर कॅल्शियमचा प्रश्न. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. मोड आलेल्या धान्यात ते नगण्य. लेयर खाद्य कमी करून हा चारा वाढवला की कवच पातळ होऊ लागतं.

म्हणून कोंबड्यांसाठी तीन गोष्टी पाळा. ७-८ दिवसांऐवजी ३-४ दिवसांचे, आखूड मोड द्या. मोठी पाती असतील तर बारीक कापून द्या. आणि नेहमीचं खाद्य कमी न करता वरून २५-३० ग्रॅम, म्हणजे मूठभरच द्या. बलकाचा रंग गडद होतो, बंदिस्त कोंबड्यांना चोच मारायला काम मिळतं आणि एकमेकींची पिसं उपटणं कमी व्हायला मदत होते. परसातल्या २०-२५ कोंबड्यांसाठी हे अगदी झकास आहे.

घरच्या घरी कसा करायचा?

मशीनची गरज नाही. सावली, खेळती हवा आणि पाण्याचा पंप इतकं पुरतं.

१. फुटका, किडका दाणा नसलेला मका, गहू किंवा बार्ली घ्या. फुटका दाणा उगवत नाही, सडतो आणि बाकीच्यांना सडवतो.

२. दाणे पाण्यात टाका. वर तरंगणारे काढून टाका. उरलेले २-३ पाण्यांनी स्वच्छ धुवा.

३. रात्रभर, म्हणजे साधारण १२ तास भिजवा.

४. पाणी काढून ओल्या गोणपाटात २४ तास बांधून ठेवा. मटकीसारखाच मोड दिसायला लागेल.

५. खाली भोकं असलेल्या ट्रेमध्ये पसरा. चौरस फुटाला ६०० ते ७०० ग्रॅम मका पुरे. जाड थर दिला की मधला भाग तापतो आणि कुजतो.

६. दिवसा दर २ तासांनी थोडं थोडं पाणी फवारा. दाणा ओला हवा, पण ट्रेमध्ये पाणी साचता कामा नये. ट्रे किंचित उताराला ठेवा.

७. सातव्या-आठव्या दिवशी पाती २० ते ३० सेंटीमीटर होतात. तेव्हाच खाऊ घाला. जास्त दिवस ठेवलं की ऐवज घटत जातो आणि बुरशीचा धोका वाढतो.

रोज चारा हवा असेल तर रोज एक नवा ट्रे लावावा लागतो. हे काम सुट्टी देत नाही. लग्नाला दोन दिवस गावाला गेलात तर साखळी तुटते. रीलमध्ये हे कुणी दाखवत नाही.

जनावरांना पहिल्याच दिवशी भरपूर घालू नका. आठवडाभरात हळूहळू वाढवा. गायी-म्हशींना कडबा कुट्टीत मिसळून द्या. शेळीला अर्धा ते एक किलो पुरेसा होतो.

सगळ्यात मोठा धोका : बुरशी

ओलावा, ऊब आणि साखर. बुरशीला आणखी काय हवं? या चाऱ्याला १८ ते २५ अंश तापमान मानवतं. ३० च्या वर गेलं की बुरशी डोकं वर काढते. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना आणि कोकणातला जुलै, दोन्ही याला अवघड.

बुरशी नुसती दिसायला वाईट नसते. "अस्परजिलस क्लॅव्हेटस" नावाची बुरशी मोड आलेल्या धान्यावर वाढते आणि मज्जासंस्थेवर परिणाम करणारं विष तयार करते. असा चारा खाल्ल्याने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये गुरांना विषबाधा झाली होती. त्याची नोंद २००४ मध्ये तिथल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात आली. अंग थरथरणं, मागचे पाय लटपटणं, चालताना कोसळणं ही त्याची लक्षणं. कोंबड्या तर बुरशीच्या विषाला फारच नाजूक असतात.

नवख्यांचा इथे एक गोंधळ होतो. मुळांभोवती पांढरी बारीक लव दिसते, ती बुरशी नसते. ते मुळांचे केस असतात. पाणी मारलं की ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्या दाण्यावर पसरते, पुढे राखाडी, हिरवट किंवा काळी होते आणि कुबट वास येतो.

अशी बुरशी दिसली तर वरवरचा भाग काढून बाकीचा खाऊ घालायचा मोह टाळा. पूर्ण ट्रे खतात टाका. २४ रुपयांचा मका वाचवायला जाऊन ८० हजारांची म्हैस पणाला लावायची नसते. प्रत्येक फेरीनंतर ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा, नीट धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

या दोन गोष्टी चुकूनही वापरू नका

पहिली, ज्वारी. महाराष्ट्रात ज्वारी घरात असतेच, म्हणून तीच भिजवावी असं वाटतं. पण ज्वारीच्या कोवळ्या कोंबातून सायनाइडचं विष तयार होतं. कोवळ्या ज्वारीच्या रानात गुरं शिरली की दगावतात, हे जुन्या शेतकऱ्यांना पक्कं माहीत आहे. ट्रेमधली ज्वारीही कोवळीच असते.

दुसरी, पेरणीचं पिशवीतलं बियाणं. त्याला गुलाबी, लाल किंवा निळा रंग दिसतो तो बुरशीनाशक-कीटकनाशकाचा. धुऊन ते जात नाही. खाण्याचं धान्यच वापरा.

मग कुणी करावं आणि कुणी नाही?

तुमच्याकडे जमीन नाही, १०-१५ शेळ्या किंवा परसातल्या कोंबड्या आहेत आणि हिरवं काहीच मिळत नाही, तर जरूर करा. दुष्काळात दोन-तीन महिने काढायचे आहेत, वासरं किंवा गाभण जनावरं जपायची आहेत, तरी उपयोगी आहे.

पण थोडी जमीन आणि पाणी असेल तर आधी संकरित नेपिअर, लसूणघास, शेवगा याचा विचार करा. मका भरपूर पिकत असेल तर मुरघास करा. तो महिनोन् महिने टिकतो आणि रोज ट्रे लावायची कटकट नाही.

मशीन विकणारा दारात आलाच, तर त्याला "किती किलो चारा निघतो?" हे विचारू नका. "किती किलो शुष्क पदार्थ निघतो, मे महिन्यात वीज किती जाते आणि तीन वर्षांपासून हे चालवणाऱ्या गिऱ्हाईकाचा गोठा दाखवता का?" हे विचारा. "तयार चारा आम्हीच विकत घेऊ" असं तो म्हणाला तर लेखी करार मागा.

आणि पैसे भरण्याआधी घरीच एक प्रयोग करा. १ किलो मका मोजून घ्या, एका भोकाच्या ट्रेमध्ये ८ दिवस वाढवा. निघालेला चारा पाणी निथळू देऊन मोजा. मग त्यातला एक किलो कडक उन्हात तीन-चार दिवस कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि पुन्हा मोजा. काटा शव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या आसपास थांबेल. तुमच्या जनावराच्या अंगी लागणार आहे ते तेवढंच. तो आकडा बघूनही हिशोब परवडत असेल, तर खुशाल दुसरा ट्रे आणा.